हॉटेलांतील नोकराचें मन



रविवारीं सकाळीं नाशिकमधील एखाद्या नांवाजलेल्या मिसळीच्या हॉटेलांत पाऊल टाकावें, म्हणजे प्रथम कानीं पडते ती आरोळी : "तीन नंबरला दोन मिसळ, रस्सा जादा!" बाहेर माणसें जागेची वाट पाहात उभीं असतात, आंत भटारखान्यांत तर्री रटरटत असते, आणि या दोहोंमध्यें वाढप्याच्या फेऱ्या चाललेल्या असतात. पाव हवा झाला कीं त्याला हांक मारावयाची, उशीर झाला कीं त्याच्यावरच रागवावयाचें. पण त्याचें मन त्या कामांत आहे कीं नाहीं, आणि नसल्यास तें कशानें उडालें, याचा विचार खाणाऱ्याला क्वचितच शिवतो.

पगार वाढविला कीं नोकर मन लावून काम करील, ही सर्वसाधारण समजूत. ती खोटी नव्हे. जेथें पोट भरत नाहीं तेथें पुढचें बोलणें व्यर्थच. परंतु पगार सारखाच असूनहि एका हॉटेलांतील माणसें दर महिन्यास बदलतात आणि शेजारच्या हॉटेलांत तीं वर्षानुवर्षें टिकतात, याची संगति केवळ पैशानें लागत नाहीं. विल्यम कान या अमेरिकन संशोधकानें एका उन्हाळी शिबिरांतील आणि एका वास्तुशिल्पज्ञांच्या कचेरींतील माणसांचें निरीक्षण करून १९९० सालीं या प्रश्नाची चांगली उकल केली. त्याच्या मतें माणूस कामांत स्वतःला ओततो तो नकळत तीन प्रश्न मनाशीं विचारून. या कामाला कांहीं अर्थ आहे काय? येथें मोकळेपणानें वागलों, एखादे वेळीं चुकलों, तर मानहानि तर होणार नाहीं ना? आणि आज अंगांत तेवढें त्राण उरलें आहे काय?

हॉटेलांत मोठी गोम आहे ती दुसऱ्या प्रश्नांत. आचारी हा पगारानें आणि मानानें वाढप्याहून वरचा. पण दिवसभर वाढप्यानें ओरडावयाचें आणि आचाऱ्यानें तें मुकाट्यानें करावयाचें! विल्यम फूट व्हाइट यानें १९४० नंतरच्या दशकांत शिकागोमधील उपाहारगृहांचा अभ्यास केला, तेव्हां वाढणाऱ्या मुलींच्या डोळ्यांतील पाण्याचें एक मूळ त्याला येथेंच सांपडलें. त्यावर एक साधा उपाय होता : मागणी तोंडानें न सांगतां चिठ्ठीवर लिहून ती एका उभ्या खिळ्याला टोंचून ठेवावयाची. खिळा कोणाचा अपमान करीत नाहीं. आज मोठ्या हॉटेलांत छापील चिठ्ठी यंत्रांतून थेट भटारखान्यांत पडते, तीहि नकळत तेंच काम करते. लहान हॉटेलांत मात्र आरोळी आहे, आणि आरोळीला उलट आरोळीहि आहे.

अपमान केवळ भटारखान्यांतूनच येतो असें नाहीं. आर्ली हॉक्शिल्ड या विदुषीनें विमानांतील सेविकांचा अभ्यास करून १९८३ सालीं दाखवून दिलें कीं, हंसतमुख राहणें हीसुद्धां एक मजुरीच आहे, आणि तीहि माणसाला थकविते. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. परंतु 'छोटू' हा शब्द मागें राहिला, आणि मिसरूड फुटलेल्या, क्वचित् दोन मुलांच्या बापालाहि सुशिक्षित घरांतील माणसें त्याच नांवानें हांक मारतात.

त्राणाची गोष्ट सरळ आहे. झोंप आणि सुटी यांवांचून तें येत नाहीं. १९४८ च्या मुंबई दुकानें व आस्थापना कायद्यानें हॉटेलांतील नोकरांचे तास बांधले, २०१७ सालीं महाराष्ट्रांत त्या जागीं नवा कायदा आला. पण लहान हॉटेलें त्याच्या बऱ्याच कलमांबाहेर राहतात.

उरला प्रश्न अर्थाचा. त्याचें उत्तर मुंबईनें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं पाहिलें. ताजमहाल हॉटेलांत गोळीबार चालला असतां, मागील दारें ठाऊक असूनहि नोकर पळाले नाहींत. पाहुण्यांना बाहेर काढतांना त्यांतील निदान ११ जण प्राणांस मुकले. रोहित देशपांडे व अंजली रैना यांनीं २०११ सालीं याची मीमांसा केली, तिच्यांत शौर्याचें गूढ वगैरे कांहीं नाहीं. लहान गांवांतून निवडलेलीं मुलें, दीड वर्षाचें शिक्षण, 'मालकाच्या वतीनें पाहुण्याशीं नव्हे, पाहुण्याच्या वतीनें मालकाशीं बोला' ही शिकवण, आणि चांगलें काम झालें कीं लगतच्या वरिष्ठाकडून मिळणारी शाबासकी, इतकेंच.

नाशिकच्या हॉटेलांपुढें २०१५ नंतरचें सिंहस्थ आहे, २०२६-२७ चें. अशा वेळीं हंगामापुरतीं नवीं मुलें घ्यावीं लागतात, आणि सहा बशा एका हातावर कशा न्याव्यात हें त्यांना चार दिवसांत येतेंहि. पण त्र्यंबकेश्वराहून थकून आलेल्या म्हातारीला आधीं पाणी द्यावें कीं आधीं काय हवें तें विचारावें, एवढें तरी त्या मुलाला स्वतःच्या बुद्धीनें ठरवूं द्यावयाचें कीं नाहीं, तें गल्ल्यावर बसलेल्या मालकाला ठरवावें लागेल.