वाहवेचा आहेर बंद करा

उपस्थित कवी, कवयित्री आणि त्यांच्याबरोबर नाइलाजाने आलेली त्यांच्या घरची मंडळी,

अध्यक्षाने आरंभी आभार मानायचे असतात. ते मी जेवणाच्या वेळी मानीन. माझा परिचय करून देताना आत्ताच माझ्या कवितेला 'अप्रतिम' म्हटले गेले. त्यातली एखादी ओळ म्हणून दाखवा, असे मी परिचय करून देणाऱ्यांना विचारणार नाही. यजमानांना असे पेचात पकडणे बरे नव्हे. पण आजचा माझा सगळा वाद त्या एका 'अप्रतिम'शीच आहे.

तुम्ही सगळे एकमेकांना फोनवर भेटलात. तंजावर-कुंभकोणमची जुनी मराठी घरे, चेन्नईत स्थिरावलेले त्यांचे नातेवाईक, पुण्याचे, नागपूरचे, बेळगावचे कवी, सगळे एका गटात. आज पहिल्यांदा समोरासमोर बसला आहात. कुंभकोणम सोडले की दारासुरम, मग स्वामिमलै आणि मग हे सुंदरपेरुमाळ कोयिल, एवढाच तो गाडीचा प्रवास. तेवढ्या वेळात गटावर पावसाच्या, आईच्या आणि एकटेपणाच्या कविता येऊन गेल्या. एक चांगली लांबलचक कविता होती. ती आली त्याच मिनिटाला तिच्याखाली तीन वेळा 'हृदयस्पर्शी' उमटले. एका मिनिटात ती वाचूनसुद्धा होत नाही हो! मग हृदयाला काय स्पर्शले?

सभा मंगल कार्यालयात भरली आहे, म्हणून इथल्याच भाषेत सांगतो. हा आहेर चालला आहे. कोणी काय दिले याची वही प्रत्येकाच्या मनात उघडी असते. तुम्ही माझ्या कवितेला फुले वाहिलीत, मी तुमच्या कवितेला हात जोडतो. ज्याने माझ्या कवितेकडे दोनदा पाठ फिरवली, त्याच्या घरी मी तिसऱ्यांदा जात नाही. पाकिटात काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. पाकीट आले की नाही एवढेच मोजतात. अशा व्यवहारात कविता ही फक्त निमंत्रणपत्रिका होते.

लगेच कोणी खूश होऊ नका. मुंबई-पुण्यातले काही मान्यवर या गटांना नाके मुरडतात. 'फोनवरचे कवी', 'हौशी मंडळी' म्हणतात. मी त्यांच्या बाजूने उभा नाही. त्यांच्यातही हाच आहेर चालतो, फक्त तिथे त्याला प्रस्तावना, परीक्षण आणि पुरस्कार समिती म्हणतात. शिवाय हौशी लोकांना हसण्याचा अधिकार मराठी कवितेला नाही. जळगावच्या नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ साली 'काव्यरत्नावली' सुरू केले, केवळ कवितेला वाहिलेले मासिक. त्याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धंद्याने डॉक्टर, अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथावर बसूंच्या बरोबरीने त्यांचे नाव आहे. आजच्या भाषेत हौशीच. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्याने कविता म्हटली आणि तो 'बालकवी' झाला. ऐकणाऱ्यांच्या कानाला पारख होती म्हणून झाला. झाडाचे पान बघून जात ओळखणारा माणूस अध्यक्ष होता.

तेव्हा हौस हा दोष नव्हे. कान नसणे हा दोष.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ जमले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमाबाई रानडे आणि आणखी काही. रविवारी चहाला जमायचे, एकमेकांच्या कविता ऐकायच्या, त्यांवर बोलायचे. हाही एक गटच होता, फक्त दहाच्या आतबाहेरचा. तुमच्या फोनवरच्या एका गटात १०२४ माणसे मावतात. मावतात खरी, पण वाचतो कोण? त्या रविवारच्या मंडळींतल्या माधव जूलियनांनी पुढे १९३७ साली 'छंदोरचना'ची मोठी आवृत्ती काढली, मराठी वृत्तांचा एवढा कीस दुसऱ्या कोणी काढला नव्हता. ज्याच्या शेजारी असा माणूस बसतो, त्याला आपली मात्रा कुठे घसरली ते सोमवारच्या आत कळते. या मंडळींचे कौतुक करणारे पुष्कळ होते, पण त्यांना सर्वांत बारकाईने वाचले ते त्यांची टिंगल करणाऱ्याने. 'झेंडूची फुले' लिहिणाऱ्या केशवकुमारांना, म्हणजे अत्र्यांना, त्या काळच्या कवींच्या लकबी, लाडके शब्द, यमके सगळी पाठ होती. त्याशिवाय विडंबन जमतच नाही. तुमच्यापैकी कोणाच्या कवितेचे विडंबन आजवर झाले आहे का? नाही. कारण ते करण्याइतके तुम्हाला कोणी वाचलेले नाही. 'हृदयस्पर्शी' पुष्कळांनी लिहिले.

ही महाराष्ट्रातली उदाहरणे झाली. पण या मातीवर उभे राहून मला जळगाव-पुण्याची साक्ष काढायची गरजच नाही. तुम्ही इथले लोक. १९६५ सालचा 'तिरुविळैयाडल' सिनेमा तुम्ही पाहिला आहे. नागेशने उभा केलेला तो गरीब कवी धरुमी आठवा. पांड्य राजाने सुवर्णमुद्रांची थैली लावलेली: स्त्रीच्या केसांना सुगंध उपजत असतो की फुलांनी येतो, या माझ्या शंकेचे निरसन जो कवितेत करील त्याला ही थैली. धरुमीला खुद्द शंकर कविता लिहून देतो. राजा खूश, दरबार खूश. आणि दरबारचा कवी नक्कीरर उठून सांगतो की कवितेत दोष आहे. मग कवी स्वतः येतो, म्हणजे शंकर येतो, तिसरा डोळा उघडतो, तरी नक्कीरर आपले मत मागे घेत नाही. अंगाची लाही होऊन तळ्यात पडतो, पण चूक ती चूकच म्हणतो.

नक्कीरर हट्टी होता की बरोबर होता, याचा वाद ज्याने त्याने घालावा. मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. ती कविता बुडाली नाही. 'कुरुंतोगै' या संघकाळच्या संग्रहात ती आजही दुसऱ्या क्रमांकावर आहे, इरैयनार या नावाने. आक्षेपही टिकला, कविताही टिकली. उलट आक्षेप घेतला म्हणूनच ती शाळकरी पोरांनाही ठाऊक झाली. आणि आपल्या गटावर काय होते? 'तिसऱ्या ओळीत लय अडखळते' एवढे कोणी लिहिले की रात्री दोघे गट सोडून जातात आणि सकाळी व्यवस्थापक सूचना लावतात: 'कृपया फक्त प्रोत्साहनपर प्रतिक्रिया द्याव्यात.' देवाच्या कवितेत चूक काढता येते. आमच्या कवितेत काढता येत नाही.

आणखी जवळ या. इथून पापनाशमच्या बाजूला उत्तमदानपुरम आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यरांचे ते गाव. १८५५ साली अय्यर जन्मले; तंजावरची भोसल्यांची गादी संपली तेही त्याच साली. महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळैंचे ते शिष्य. १८८० साली ते कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवायला लागले, तेव्हा गावात मुन्सफ म्हणून सेलम रामस्वामी मुदलियार बदलून आले. अय्यर त्यांना भेटायला गेले. काय काय वाचले, असे मुदलियारांनी विचारले. अय्यरांनी अंतादी, पिळ्ळैत्तमिळ, कोवै, पुराणे अशी मोठी यादी सांगितली. मुदलियारांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. एवढे वाचून काय उपयोग, असे त्यांनी विचारले. यांच्याही आधीचे काही वाचले आहे का? 'चिंतामणी' वाचले? 'शिलप्पदिकारम'? 'मणिमेखलै'?

वाचले नव्हते. मुदलियार तेव्हा 'अप्रतिम' म्हणाले असते, तर अय्यर समाधानाने घरी गेले असते आणि तमिळ लोकांचे दोन हजार वर्षांचे वाङ्मय आणखी काही वर्षे वाळवीच्या तोंडी राहिले असते. त्याऐवजी अय्यर ताडपत्रे शोधत गावोगाव हिंडले. १८८७ साली 'जीवक चिंतामणी' छापून निघाले, १८९२ साली 'शिलप्पदिकारम', १८९४ साली 'पुरनानूरु', १८९८ साली 'मणिमेखलै'. एका मुन्सफाच्या कोरड्या प्रश्नातून हे निघाले. मुन्सफ शिष्ट होता असे म्हणा हवे तर. पण त्याने समोरच्या माणसाला एवढा मोठा समजले, की त्याच्याकडून जास्त मागितले. वाहवा करणारा तुम्हाला लहान समजतो. याच्याने याहून जास्त होणार नाही, असे ठरवून तो पाठ थोपटतो.

आता तंजावरच्या मंडळींविषयी बोलतो आणि महाराष्ट्रातून आलेल्यांना जरा लागेल असे बोलतो. इथले काही जण घरच्या बोलीत लिहितात, कोणी तमिळ लिपीत लिहितात. तिकडून काय उत्तर येते? 'किती गोड बोली!' गोड? तुम्ही कवितेला उत्तर देता की दुकानातल्या बर्फीला? या लोकांच्या पूर्वजांनी, शाहजी राजांनी, तंजावरात मराठी नाटके लिहिली तेव्हा विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'ला अजून शतकाहून अधिक अवकाश होता. त्यांच्या 'पंचभाषाविलासा'त पाच भाषा रंगभूमीवर येतात. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसल्यांचा इतिहास मराठीत दगडावर कोरला गेला. इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव जन्मले या कुंभकोणमात. अशा घरातल्या कवीने लिहिलेल्या ओळीत क्रियापद वेगळे दिसले तर ते का वेगळे आहे, तमिळच्या शेजाराने वाकले की तीनशे वर्षांपूर्वीचे जपले गेले, हे विचारा. ते विचारायला ओळ वाचावी लागते, म्हणून 'गोड' म्हणून सुटका करून घेता.

आणि तंजावरकरांनो, तुम्हीही 'आमचे मराठी मोडके आहे, सांभाळून घ्या' असे कवितेच्या डोक्यावर लिहू नका. सांभाळून घ्या म्हणणाऱ्याची कविता वाचली जात नाही, सांभाळली जाते.

तुमच्या सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. त्यांतली कितीतरी कोणीतरी बसून उतरवलेली. उतरवणाऱ्याला प्रत्येक अक्षरावर थांबावे लागे. न वाचता नक्कल करता येत नसे. आपण बोटाच्या एका टोल्यात कविता शंभर जणांना पाठवतो आणि वाटेत कवीचे नाव गळून पडते. नाव गळते किंवा वर कुसुमाग्रज नाहीतर पु. ल. चिकटतात. ज्यांनी ती ओळ जन्मात लिहिली नसती, त्यांच्या नावावर. कुसुमाग्रजांच्या दोन कविता ज्याने नीट वाचल्या आहेत, त्याला हे खपणार नाही. तुमच्या गटात ते रोज खपते.

प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात. रोज एक विषय द्यायचा, रोज स्पर्धा, रात्री रंगीत प्रमाणपत्र, वर कवीचा फोटो आणि 'काव्यभूषण'. मग पैसे भरा आणि प्रातिनिधिक संग्रहात दोन पाने घ्या. हा धंदा आहे, आणि तो तुमच्या मान हलवण्यावर चालतो. यापेक्षा जास्त शब्द मी त्यावर खर्च करणार नाही.

कवयित्रींच्या बाबतीत मात्र थांबायला हवे. त्यांच्या कवितेखाली काय येते ते त्या मला सांगतात: 'फोटो छान आहे', 'साडी शोभते'. दुःखाच्या कवितेखालीसुद्धा! कोणी रात्री खासगीत 'मार्गदर्शन' करायला येतो. जे बोलायचे ते चारचौघांत, कवितेविषयी, ओळ दाखवून बोला. ज्याला ते जमत नाही, त्याने गप्प राहावे. व्यवस्थापकांनी हा एक नियम काटेकोर पाळावा; 'प्रोत्साहनपर' वगैरे नियम फाडून टाकावे.

यावर ठरलेले उत्तर येते: अशाने नवोदित खचतील. आणि पाठोपाठ बहिणाबाईंचे नाव येते. त्यांना कोणी वृत्त शिकवले होते, कोणी चुका काढल्या होत्या, असे विचारतात. बहिणाबाईंच्या आडोशाला आपला आळस लपवू नका. त्या जात्यावर, शेतात रचत होत्या आणि ऐकणाऱ्या बायाबापड्यांचे कान जन्मभर ओव्यांवर तयार झालेले होते. त्या कवितांची वही अत्र्यांपुढे नेणारा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. १९५२ साली त्या छापून आल्या त्या दोन पारखी नजरांखालून. सुरेश भटांनीही नवोदितांना कुरवाळले नाही. 'गझलेची बाराखडी' लिहून त्यांच्या हातात दिली आणि आधी हे शिका म्हणाले. त्यातून खचले ते खचले. जे उरले त्यांनी मराठी गझल पुढे नेली. खचण्याची भीती ज्याला एवढी आहे, त्याने कविता वहीत ठेवावी. तिथे ती सुरक्षित राहील.

आता कामाचे. जेवणाआधीच्या सत्रात कवितावाचन आहे. सूत्रसंचालकांशी मी बोललो आहे आणि ते नाराज आहेत, तरी सांगतो. प्रत्येक कवीने एकच कविता वाचावी, दोनदा वाचावी. कविता माझ्या आजीच्या स्मृतीस अर्पण वगैरे प्रस्तावना नको. वाचून झाल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत. श्रोत्यांतून एकाने उठायचे, कवितेतली एक ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवायची आणि ती का उभी राहते किंवा का कोसळते ते सांगायचे. ओळ आठवत नसेल तर उठू नये. कवीने त्यावर खुलासा द्यायचा नाही. त्याचे बोलणे कवितेत होऊन गेले. कोणालाच ओळ आठवली नाही तर तसे मोठ्याने जाहीर करायचे आणि पुढच्या कवीला बोलवायचे.

सुरुवात माझ्यापासून करा. माझी कविता मी वाचतो. परिचय करून देणाऱ्यांनी पहिली ओळ सांगावी.