श्रावकाच्या दाराशी बसलेला जीव

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जीवदया म्हटली की आपल्यासमोर गोशाळा उभी राहते, कबुतरांचे दाणे आठवतात, यवतमाळच्या उन्हाळ्यातील पाणपोई आठवते. कुत्रा मात्र आपल्या जीवदयेच्या उंबरठ्याबाहेरच बसलेला असतो. आज त्याच्याविषयी, आणि थोडे मांजराविषयी बोलणार आहे.

वास्तविक मुंबईच्या पांजरपोळ संस्थेच्या जन्मामागे कुत्रेच आहेत. जून १८३२ मध्ये तेथे इंग्रजी अंमलदारांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम उघडली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू व जैन व्यापारी त्यांना येऊन मिळाले, बाजार बंद पडले. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. आज पांजरपोळ म्हणताच गाय डोळ्यांसमोर येते. हा विसर आपल्याला कधी पडला, कोण जाणे!

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, श्रावकाने कुत्रे-मांजर पाळू नये असे शास्त्रच सांगते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ आहे, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना मैना, पोपट, कोंबडा, मोर यांच्याबरोबर मांजर व कुत्रा यांचीही नावे घेतली आहेत. पण आचार्यांनी तेथे एक शब्द घातला आहे: द्रव्यलाभासाठी. निषेध आहे तो जीव पोसून पैसा करण्याचा. मग आज हा निषेध कोणावर येऊन पडतो? विलायती जातीच्या कुत्रीला वेतामागून वेत घ्यायला लावून पिले विकणाऱ्यावर, आणि माझ्या मते त्याच्याकडून मुलाच्या वाढदिवसासाठी पिलू विकत घेणाऱ्यावरही. निवारागृहातील बेवारशी कुत्रा घरी आणणाऱ्याच्या हातून हा व्यापार वाढत नाही. उलट तेथील एक जागा दुसऱ्या जखमी जीवासाठी मोकळी होते. मरणासन्न कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र देणारे जीवंधरकुमार आपल्याच कथासाहित्यातील आहेत. तो कुत्रा पुढे सुदर्शन यक्ष झाला, हे श्राविकांना मी सांगावयास नको.

मांजराच्या बाबतीत मात्र मी वडीलधाऱ्यांच्या बाजूने आहे. मांजर निसर्गतःच मांसाहारी. टॉरीन नावाचे द्रव्य अन्नातून मिळाले नाही तर त्याची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. आणि हे द्रव्य निसर्गतः मुख्यतः मांसात असते. दूध-भातावर त्याला जगविणे ही दया नव्हे. ज्या घरी मांस चालत नाही त्यांनी मांजर दत्तक घेऊ नये. त्याच्या औषधपाण्याचा खर्च निवारागृहाला द्यावा. कुत्र्याचे तसे नाही. पशुवैद्यांच्या सल्ल्याने आखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. योगायोग असा की कांदा व लसूण कुत्र्यालाही अपायकारक असतात, म्हणजे आपले स्वयंपाकघर त्याला मानवते! मनुका व द्राक्षे मात्र कौतुकाने भरवू नयेत. त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

घरी आणल्यावर खरी कसोटी लागते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जिनिंगच्या आवारात, मे महिन्याच्या उन्हात, पाण्याच्या भांड्यापर्यंतही न पोहोचणाऱ्या साखळीला बांधलेला रखवालीचा कुत्रा आठवा. बंध आणि अन्नपाननिरोध दोन्ही एकाच जागी. शोभेसाठी कान-शेपटी कापणे हा उघड छेद आहे. नसबंदीही छेदच, असे काही साधकांचे मत आहे. मला ते पटत नाही. भूल देऊन, एकदाच केलेली ती शस्त्रक्रिया पुढे वाहनांखाली चिरडल्या जाणाऱ्या पिलांचा जन्मच टाळते. येथे हेतू कषायाचा नाही. मतभेद असणाऱ्यांनी गुरुमहाराजांना अवश्य विचारावे, पण रेबीजच्या लसीबाबत चालढकल करू नये. त्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना नगरसंस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्याची मुभा दिली. अट एकच: तो पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगू शकतो. मुले शिक्षणासाठी पुण्याला गेली, आजी-आजोबा थकले, तरी तो घरीच राहणार, हा हिशेब आधी मांडावा. ज्यांना तो जुळत नाही त्यांनी नकार द्यावा, त्यात उणेपणा नाही.

विश्वस्त मंडळापुढे एकच प्रस्ताव ठेवतो. सुवर्णमहोत्सवी जीवदया निधीतील काही अंश दत्तक घेणाऱ्या कुटुंबांच्या कुत्र्यांची लस व नसबंदी यांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा निर्णय येत्या पर्युषणापूर्वी करावा.