घरची शाळा आणि समाजाचा ठेवा



जामखेड तालुक्यात सीना नदीच्या काठी चौंडी नावाचे लहानसे गाव आहे. ३१ मे १७२५ रोजी तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मुलीच्या हाती लेखणी देण्याची रीत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी आपल्या लेकीला घरीच लिहा-वाचायला शिकवले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. पुढे सासरी मल्हारराव होळकरांनी हा क्रम खंडित होऊ दिला नाही. त्यांनी १७६५ च्या सुमारास सुनेला लिहिलेल्या पत्रांत तोफखाना कोठे न्यावा, दारूगोळ्याची तजवीज कशी करावी, अशा सूचना आढळतात. चूल आणि देवघर यांच्यापलीकडचे जग एका स्त्रीला घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवले, आणि त्या शिक्षणाचे फळ पुढे काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या देवालयांनी व घाटांनी पाहिले. आज हा जिल्हा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी तेथे गीतेवर भाष्य केले. समाजाने बहिष्कृत केलेल्या त्या चार भावंडांना पाठशाळेचा आधार कोठून मिळणार? ज्ञानेश्वरांचे गुरू त्यांच्याच घरात होते. थोरले बंधू निवृत्तिनाथ हेच ते गुरू. घरी शिकणे हे परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे मानणाऱ्यांनी नेवाशाच्या पैस खांबासमोर क्षणभर उभे राहावे.

आता आजच्या प्रश्नाकडे वळू. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा विचार करणारी कुटुंबे मोठ्या शहरांप्रमाणे तालुक्याच्या गावांतही आढळू लागली आहेत. कोणाला खासगी शाळेचे शुल्क झेपत नाही, कोणाचे मूल इतरांच्या गतीने शिकत नाही, कोणाची नोकरी फिरतीची आहे, तर कोणाला गुणांच्या शर्यतीचा वीट आला आहे. २०२० च्या टाळेबंदीने तर प्रत्येक घराला काही महिने सक्तीची शाळाच केले. त्यातून पुष्कळांना घरच्या शिक्षणाची धास्ती बसली आणि थोड्यांना गोडी लागली. या थोड्यांचा पहिला प्रश्न असतो खर्चाचा. गृहशिक्षणाचे तयार संच, परदेशी अभ्यासक्रमाची सदस्यत्वे आणि संगणकावरचे वर्ग यांच्या जाहिराती पाहून मध्यमवर्गीय पालक बिचकतो. शाळेचे शुल्क वाचवायला निघालेले कुटुंब त्याहून मोठी रक्कम एखाद्या कंपनीच्या पदरात टाकते, हाही विनोदच म्हणायचा.

खरेदीला निघण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहण्याजोगी आहे. मुलाच्या शिक्षणाला लागणारे बहुतेक साहित्य समाजाने आणि शासनाने आधीच निर्माण करून ठेवले आहे. त्याची किंमत कररूपाने आणि देणग्यांतून चुकती झाली आहे. उरते ते तेथपर्यंत जाणे.

प्रारंभ बालभारतीपासून करावा. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तके छापील स्वरूपात अल्प किमतीत मिळतात, आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठीबरोबर अन्य भाषा-माध्यमांचीही पुस्तके तेथे असल्याने एकच धडा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांतून समोर ठेवून मुलाला परिभाषेचा परिचय करून देता येतो. हा लाभ शाळेतल्या मुलाला सहसा मिळत नाही. केंद्रीय अभ्यासक्रमाची एनसीईआरटीची पुस्तकेही अशीच मोफत आहेत. बालभारतीचेच ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर खुले करण्यात आले आहेत. मराठीतील नामवंत लेखक आणि चित्रकारांनी मुलांसाठी केलेले हे काम म्हणजे अर्ध्या शतकाचा वाचनसाठा आहे. दहा वर्षांच्या मुलाला दररोज एक गोष्ट वाचायला दिली, तरी तो काही वर्षे पुरेल.

संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या या कोशाचे वीस खंड आता कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यातील भाषा लहान मुलांना जड जाते हे खरे. पण नोंद आईने किंवा आजोबांनी आधी वाचावी आणि मग सोप्या शब्दांत सांगावी, यात बिघडले कोठे? शिकवणाऱ्याचाही अभ्यास होतो.

विज्ञानाच्या प्रयोगशाळेवाचून घरच्या शिक्षणाचे अडते, ही समजूत अरविंद गुप्ता यांच्या कामाने खोटी ठरवली. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेल्या या गृहस्थांनी पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याच्या त्यांच्या चित्रफिती आणि पुस्तके मराठीतही मोफत उपलब्ध आहेत. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीतील काड्या एवढेच साहित्य घ्यावे. नळीचे तुकडे सांधे म्हणून वापरून तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन करावा. बोटाने दाबल्यावर चौकोन कलंडतो, त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. पुलांच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या बांधणीत त्रिकोणच का दिसतात, याचे उत्तर मूल स्वतःच्या बोटांनी शोधते. यास लागणारा खर्च चहाच्या दोन कपांहून अधिक नाही.

संस्कृत आणि गीता यांसाठीही वेगळे मूल्य मोजावे लागत नाही. संस्कृत भारतीची दहा दिवसांची संभाषण शिबिरे ठिकठिकाणी होत असतात. गीता परिवाराची स्थापना १९८६ मध्ये झाली आणि त्याचे मुख्य केंद्र याच जिल्ह्यात, संगमनेरला आहे. त्याचे संस्थापक स्वामी गोविंददेव गिरी हेही मूळचे बेलापूरचे. परिवाराचे संगणकावरील गीतापठणाचे वर्ग २०२० पासून विनामूल्य चालतात. शुद्ध उच्चार शिकवणारा शिक्षक गावात नसेल, तर ही सोय अनमोल आहे.

मात्र सारे काही पडद्यावरच शोधण्याची सवय लागता कामा नये. अहिल्यानगरच्या जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची आहे, आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे तालुक्यांपर्यंत आणि अनेक खेड्यांपर्यंत पोहोचले. अनामत आणि वर्गणी किरकोळ असते. तरीही कित्येक सुशिक्षित घरांत ग्रंथालयाचे सभासदत्व नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आठवड्यातील एक दिवस ठरवून मुलाला तेथे न्यावे आणि पुस्तक त्यालाच निवडू द्यावे. शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुनी नाणी, पोथ्या व मोडी कागदपत्रे आहेत. भुईकोट किल्ला आहे. याच किल्ल्यासाठी १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगलांशी झुंज दिली, १८०३ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला, आणि १९४२ च्या आंदोलनानंतर काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना तेथे स्थानबद्ध करण्यात आले. इतिहासाच्या तीन शतकांसाठी तीन पुस्तके लागत नाहीत, एक फेरफटका आणि सांगणारा माणूस लागतो.

भूगोलाच्या बाबतीत तर हा जिल्हा विशेष भाग्यवान आहे. प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदऱ्याला १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणात ती अडते, संगमनेरवरून पुढे लोणीच्या उसाच्या मळ्यांना पाणी देते, नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या कर्मभूमीला वळसा घालते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. उगमापासून संगमापर्यंत संपूर्ण नदी एकाच जिल्ह्यात. एस.टी.ने दोन-तीन सुट्यांत हा प्रवास करणाऱ्या मुलाला डोंगर, धरण, कालवा, सहकारी कारखाना आणि तीर्थक्षेत्र यांचा परस्परसंबंध वेगळा शिकवावा लागणार नाही. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना हा अर्थशास्त्राचा धडा. सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरला धो धो कोसळणारा पाऊस पाथर्डीला पोहोचेपर्यंत कसा आटतो, हा हवामानशास्त्राचा.

गणितासाठी हिवरे बाजारकडे पाहावे. पडलेला पाऊस मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने रूढ केली. हाच हिशेब घरीही मांडता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद गच्चीवर पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, तर अडीच हजार लिटर पाणी आले. सरळ कडांच्या बरणीत पट्टी धरून चार महिन्यांची नोंद ठेवणाऱ्या मुलाला दशांश, सरासरी आणि आलेख यांची भीती राहत नाही, आणि पाण्याची उधळपट्टीही त्याला सहन होत नाही. अकोल्याच्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. त्यांनी घरच्या घरी गावरान वाणांची बियाणे-बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परसात वालाच्या चार जाती लावून त्यांची पाने, फुले, शेंगा यांतील फरक वहीत उतरवणे हा वनस्पतिशास्त्राचा पूर्ण सत्राचा अभ्यास आहे.

येथवरचे सर्व सोपे आहे. पालकांची खरी परीक्षा पुढे आहे, आणि ती प्रमाणपत्राची आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातील कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. त्याच्या उल्लंघनासाठी पालकांना शिक्षेची तरतूद या कायद्यात नाही. गृहशिक्षणाला त्यात स्पष्ट मान्यताही नाही आणि मनाईही नाही. म्हणून उत्साहाच्या भरात मुलाचे नाव कमी करणाऱ्यांनी पुढची वाट आधी नीट पाहून ठेवावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, म्हणजेच एनआयओएस, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष पातळ्यांवर शिक्षणाची सोय करते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तिचा उल्लेख केला आहे. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, मराठी माध्यम उपलब्ध आहे, आणि एकदा नोंदणी केल्यावर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पाच विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. अभ्याससाहित्य संकेतस्थळावर मोफत आहे. राज्य मंडळाच्या अखत्यारीतील महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची सोय आहे. पूर्वी शाळेत गेलेल्या मुलासाठी नमुना क्रमांक १७ भरून खासगीरीत्या दहावीला बसण्याचा मार्गही आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवला पाहिजे. ज्या अभ्यासक्रमाला मुलाला पुढे जायचे आहे, त्याच्या प्रवेशाच्या अटी दहावीच्या दोन वर्षे आधी वाचून काढाव्यात. पालकांच्या तत्त्वनिष्ठेची किंमत मुलाला अडून पडलेल्या प्रवेशाच्या रूपाने मोजावी लागू नये.

दुसरी अडचण एकटेपणाची. मोफत पुस्तक मिळते, पण भांडायला, हरायला आणि खांद्यावर हात टाकायला सवंगडी पुस्तकातून मिळत नाही. संध्याकाळची शाखा, तालमीचा आखाडा, भजनी मंडळ, गणेशोत्सवातील मंडप यांना प्रवेशशुल्क नसते. तेथे सर्व जातींची, सर्व थरांची मुले एकत्र येतात. आपल्यासारख्याच चार घरांच्या वर्तुळात वाढलेल्या मुलाला समाज कळत नाही, आणि समाजापासून दूर ठेवण्यासाठीच मूल शाळेतून काढले असेल, तर तो निर्णय मुळातच चुकला आहे. ज्या घरात दिवसाचे तीन-चार तास मुलाजवळ निवांत बसणारे मोठे माणूस नाही, त्या घराने शाळा सोडवू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालावे आणि वरील सर्व साधने संध्याकाळी वापरावीत.

आणि अशी मुलेही आहेत की ज्यांची शाळा कोणी विचारपूर्वक सोडवलेली नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईबापांबरोबर गेलेल्या मुलांचे वर्ष फडावर संपते. आजी-आजोबांजवळ गावात राहिलेल्यांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण संध्याकाळी अभ्यासाला जवळ बसणारे माणूस प्रत्येकाला मिळत नाही. ज्या घरात एका मुलासाठी पुस्तके उतरवून घेतली आहेत, काड्यांचे त्रिकोण बनत आहेत, पावसाची वही भरत आहे, त्या घराच्या ओसरीवर आणखी तीन मुले बसल्याने खर्च वाढत नाही. घरच्या मुलाला सवंगडी मिळतात, तो स्वतः शिकलेले दुसऱ्याला सांगू लागतो आणि त्यामुळे त्याचे शिकणे पक्के होते. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी निघण्यापूर्वी त्यांच्या इयत्तेची पुस्तके, दोन कोऱ्या वह्या आणि ‘किशोर’चे काही अंक कापडी पिशवीत बांधून देता येतात. धडे आईबापांच्या मोबाइलवर उतरवून दिले की फडावर जोडणी नसली तरी ते उघडतात. मुकादमाकडून मुक्कामाचे गाव विचारून घ्यावे आणि तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांना मुलांची नावे व इयत्ता कळवावी. टोळ्या निघण्यास दिवाळीपर्यंतचाच अवधी असतो. ही विचारपूस पितृपक्षातच सुरू करावी लागते.