पाणी, ऊन आणि सिटी बस

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘बदलते हवामान आणि शहराची वाहतूक’ असा छापला आहे. विषय भारदस्त वाटतो, पण बडोदेकराला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. जोराचा पाऊस झाला की अलकापुरीचे गरनाळे भरते. विश्वामित्री चढली की शहराचे दोन तुकडे होतात : दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी एका काठाला आणि स्टेशन, अलकापुरी, अकोटा दुसऱ्या. मी बँकेत कारकून आहे, हवामानशास्त्रज्ञ नव्हे. त्यामुळे हिशेबाच्या अंगानेच बोलणार आहे.

आधी खर्चाची बाजू पाहू. २००५, २०१४, २०१९ आणि २०२४ असे चार मोठे पूर या शहराने वीस वर्षांत पाहिले. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला, विमानतळ बंद झाला, रेल्वेगाड्या रद्द झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या खुणेपेक्षा सुमारे १० फूट अधिक. पुलांवरची वाहतूक थांबवावी लागली आणि लष्कराला बोलवावे लागले.

पूर पूर्वीही येत होते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते आणि मग ते एकदम ओतते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यात आपण भुखी कांस, रूपारेल कांस यांसारखे पाण्याचे जुने मार्ग आवळत आणलेले. वरून जास्त पाणी आणि खाली कमी वाट, असा हा मेळ आहे.

२०२४ च्या पुरानंतर नदीकडे लक्ष गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल आणि रुंद करण्याचे काम झाले, त्याचे स्वागतच आहे. पण नदीचे काम म्हणजे वाहतुकीचे काम नव्हे. वाहतूक म्हटली की आपल्याकडे उड्डाणपूल. गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी हा साडेतीन किलोमीटरचा पूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्यावर २०० कोटींहून अधिक खर्च झाला. रोजच्या गर्दीला तो उपयोगी आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या पुलाने नदी ओलांडता येत नाही. पुराच्या दिवशी अकोट्याच्या माणसाला सयाजीराव रुग्णालयात पोहोचायचे असेल, तर त्या पुलाचा त्याला काय उपयोग?

नव्या बांधकामाचा एवढा भरवसाही धरू नये. मुंबईत भुयारी मेट्रोचे आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ ला सुरू झाले आणि २६ मे ला त्यात पाणी शिरले. एक प्रवेशद्वार अजून अपुरे होते, तिथून ते आत आले. पैसा कमी पडला नव्हता. पाऊस लवकर आणि इतका पडेल, हे कोणी धरले नव्हते.

आता मागण्यांकडे येतो. आपण उमेदवारांसमोर आणि नगरसेवकांसमोर चार गोष्टी ठेवाव्यात.

पहिली गरनाळ्यांची. १३ सप्टेंबर २०२४ ला फरिदाबादमध्ये रेल्वेखालच्या गरनाळ्यात मोटार बुडून बँकेचे दोन कर्मचारी दगावले. माझ्याच व्यवसायातली माणसे, काम आटोपून घरी निघालेली. अंधारात पाण्याची खोली कळत नाही. प्रत्येक गरनाळ्याच्या भिंतीवर फुटांच्या ठळक खुणा हव्यात, तोंडाशी आडवा दांडा हवा, आणि तो कोणी पाडायचा त्या कर्मचाऱ्याचे नाव कॉर्पोरेशनच्या यादीत हवे. ‘सर्वांची जबाबदारी’ म्हणजे कोणाचीच नाही, हे बँकेत आम्ही पहिल्या वर्षी शिकतो.

दुसरी पुराच्या वेळापत्रकाची. नदीची पातळी अमुक फुटांवर गेली की कुठला पूल बंद, कुठला चालू, आणि सिटी बस कुठल्या मार्गाने जाईल, हे मे महिन्यातच छापून थांब्यांवर लावावे. पूल बंद झाल्यावर दोन्ही काठांवर स्वतंत्र फेऱ्या चालतील एवढ्या बस दोन्हीकडे उभ्या हव्यात. बस आणि विजेवरच्या बसची चार्जिंगची यंत्रे उंच जागेवर असावीत. सगळ्याच बस सखल डेपोत बुडाल्या तर वेळापत्रक कागदावर राहील.

तिसरी उन्हाची. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासातून निघाले. त्यातून २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा तयार झाला. बसची वाट पाहणारा माणूस दुपारी उन्हातच उभा असतो. पत्र्याचा थांबा तापतो, जाहिरातीच्या फलकाची सावली पडत नाही. प्रत्येक थांब्याजवळ एक कडुनिंब आणि पिण्याचे पाणी, एवढे मागणे फार नाही.

चौथी, अंदाजपत्रकात या कामांसाठी वेगळी ओळ. वेगळी ओळ नसेल तर पैसा दुसरीकडे वळतो आणि कोणाला विचारता येत नाही.

‘पैसा आणायचा कुठून?’ असे विचारले जाईल. तो आजही खर्च होतोच आहे, फक्त तुमच्या-आमच्या खिशातून. पाण्यात गाडी चालू केली आणि इंजिन निकामी झाले, तर साध्या विम्यात तो खर्च बहुधा मिळत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पुरानंतर गॅरेजपुढे लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. कुठलेही शहाणे दुकान घसारा धरते, बुडीत उधारीची तरतूद करते. पाच-पाच वर्षांनी येणाऱ्या पुराची तरतूद न करणाऱ्या कॉर्पोरेशनचा ताळेबंद खरा कसा मानायचा?

आणखी एक आक्षेप आपल्याच घरातून येतो. ‘बसमध्ये बसतो कोण? दारात दोन वाहने आहेत.’ खरे आहे. पण आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाई बसने किंवा शटल रिक्षाने येतात. दवाखान्यातली परिचारिका तशीच येते. आणि आपल्यातल्या कित्येक घरांत आज दोनच वृद्ध माणसे राहतात, मुले पुण्याला नाहीतर परदेशी. त्यांना स्कूटर चालवता येत नाही. पुराच्या दिवशी त्यांच्या औषधाची वाट कोणती, हे आपण आजवर विचारलेच नाही.

आपण सयाजीराव महाराजांचे नाव अभिमानाने घेतो. १८९२ मध्ये आजव्याचे पाणी शहरात आले. ते काम करताना पुढच्या पिढ्यांचा विचार झाला होता, म्हणून आजही ते पाणी आपण पितो. त्यांच्या पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. त्यांच्यासारखे पन्नास वर्षे पुढचे पाहणे आपल्याला जमले पाहिजे.

या चार मागण्यांचे निवेदन मराठीत आणि गुजरातीत टंकून दाराशी टेबलावर ठेवले आहे. हा प्रश्न केवळ मराठी माणसाचा नाही, म्हणून शेजारच्या गुजराती कुटुंबाचीही सही घ्यावी. मत मागायला जो येईल, त्याच्या हातात एक प्रत द्यावी आणि विचारावे : अलकापुरीच्या गरनाळ्याचा दांडा कोण पाडणार, त्याचे नाव सांगा. नाव सांगता आले नाही, तर पुढचे भाषण ऐकण्याची गरज नाही.