परमवीर मेजर परमेश्वरन यांचे स्मरण
(केम, ता. करमाळा येथील सभेत केलेले भाषण)



आज २५ नोव्हेंबर. १९४९ साली याच दिवशी बाबासाहेबांनी घटना समितीत आपले अखेरचे मोठे भाषण केले, हे आपण जाणताच. त्यानंतर ३८ वर्षांनी, १९८७ साली याच तारखेला, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन श्रीलंकेत लढता लढता धारातीर्थी पडले. मी याच रेजिमेंटचा निवृत्त हवालदार. साहेबांच्या हाताखाली काम करण्याचा योग मला आला नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर आम्हा पेन्शनरांत प्रत्येक शहिदाच्या ताटात जेवल्याच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात!

साहेबांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ रोजी मुंबईत झाला. घरची भाषा तमिळ, शिक्षण मुंबईत. १९७२ साली ते १५ महारमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. जवान त्यांना 'पॅरी साहेब' म्हणत. पलटणीत टोपणनाव दोनच साहेबांना मिळते. एक, ज्याची धास्ती असते. दुसरा, ज्याच्यावर जीव असतो.

तमिळ घरचा हा मुलगा ज्या रेजिमेंटमध्ये आला, तिचा इतिहास तरुणांनी ध्यानात घ्यावा. कोरेगावच्या लढाईत १८१८ साली आपले पूर्वज लढले, पण त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभी केली आणि गरज सरताच मोडली. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पुढे तिचे दार सर्व जातींच्या, सर्व प्रांतांच्या जवानांना उघडले. आपल्याला दार बंद होते. आपल्या नावाच्या पलटणीने ते कुणाला बंद ठेवले नाही. याचा मला विजयस्तंभाइतकाच अभिमान वाटतो.

जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. शांतता राखायला गेलेल्या फौजेला लढावे लागले. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. त्या रात्री साहेब शोधमोहीम आटोपून तुकडीसह परतत होते. वाटेत अतिरेक्यांनी घात लावला होता. साहेबांनी डोके शांत ठेवून पाठीमागून वळसा घातला आणि त्यांच्यावर चाल केली. हातघाईच्या लढाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली. साहेबांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि प्राण जाईपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी ठार झाले; तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर मिळाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. महार रेजिमेंटचे हे एकमेव परमवीर चक्र.

साहेबांची मातृभाषा तमिळ, आणि गोळी झाडणाराही तमिळच. घात लावून बसलेल्यांची कुजबुज साहेबांना कळली असती, असा विचार मनात येतो आणि मी तो पुढे नेत नाही.

चेन्नईत सैनिकांच्या वसाहतीला त्यांचे नाव आहे. २०२३ साली अंदमानातील एका बेटालाही दिले. हे योग्यच झाले. तरी माझी एक तक्रार आहे. सन्मानपत्रात असते ती एक रात्र. पंधरा वर्षांची नोकरी, रजेसाठी केलेले अर्ज, घरी लिहिलेली पत्रे, वाट पाहणारी पत्नी, यांतले काहीच त्यात येत नाही. केमचे कुंकू मुलखात जाते. अशा गावात मागे राहिलेल्या बाईची गोष्ट मी सांगायची गरज नाही. माझ्यापेक्षा इथल्या माता-भगिनींना ती जास्त कळते.

परमेश्वरन साहेबांवर लिहायला पुष्कळ जण आहेत. पण आपल्या केम स्टेशनावरून ट्रंक घेऊन भरतीला गेलेल्या पोरांचे कुणी लिहिले आहे काय? जे पडले त्यांचे, आणि जे परत येऊन शेतात राबले त्यांचेही? मी आज शंभर पानी वही बरोबर आणली आहे. सभा संपली की मी त्या कोपऱ्यात बसतो. ज्यांच्या घरचा माणूस फौजेत होता त्यांनी यावे. कोणत्या साली गेला, कोणत्या पलटणीत होता, पहिल्या पगारात घरी काय आणले, एवढे सांगावे. लिहिता येत नसेल तर मी लिहून घेईन. घाई नाही, माझी गाडी रात्रीची आहे.

जयभीम! जयभारत!