तेलाची कॅप्सूल आणि दुखरे सांधे

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 सालची. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांत आपलं शिरवणेही होतं. त्याआधी चिखलात वाकून भाताची आवणी केलेल्या मावश्या आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. गुडघे धरलेत, बोटं आखडतात. मग घरातला कुणी तरी जवसाच्या किंवा ईव्हनिंग प्रिमरोझच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली आणून देतो. या तेलांचा उपयोग होतो का? होतो, पण आधी दुखणं ओळखायला हवं.

जिना उतरताना किंवा मांडी घालून उठताना गुडघा दुखतो आणि बसलं की बरं वाटतं, ती बहुधा झीज. सकाळी उठल्यावर तासभर मुठी वळत नाहीत, दोन्ही मनगटं सुजतात, तो आमवात असू शकतो.

ईव्हनिंग प्रिमरोझ आणि बोरेज या वनस्पतींच्या बियांच्या तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल असतं. त्यापासून शरीर सूज शमवणारे काही घटक बनवतं. कॉक्रेन या संस्थेच्या 2011 च्या आढाव्यात आमवाताच्या रुग्णांना अशा तेलांनी थोडा आराम पडल्याचं दिसलं. थोडाच, आणि तोही सावकाश. झिजेच्या गुडघ्यासाठी अ‍ॅव्होकॅडो आणि सोयाबीनच्या तेलांपासून काढलेला अर्क रोज 300 मिलिग्रॅम देऊन पाहिला गेला; वेदना किंचित कमी झाल्या. अशा गुडघ्याला मांडीचे स्नायू बळकट करण्याचा मला अधिक भरवसा वाटतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली घ्यायचा.

जवस तर आपल्या विदर्भाचं. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-3 असतं. मात्र सुजेवर काम करणारं जे रूप आहे, त्यात शरीर त्याचा अगदी लहान हिस्सा बदलू शकतं. ते रूप बांगड्यात, तारलीत तयारच मिळतं आणि आगरी-कोळी घरांत ही मासळी नवी नाही. मासे न खाणाऱ्यांनी जवस जरूर खावं, पण दुखणं थांबवणारं औषध समजून नव्हे. जवसतेलाच्या एक ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये सुमारे अर्धा ग्रॅम ओमेगा-3 असतं; मोठा चमचाभर जवसाच्या कुटात त्याच्या तिप्पट. म्हणजे भाकरीबरोबरची चटणी कॅप्सूलपेक्षा स्वस्त आणि सरस! जवस भाजून कुटूनच खा, अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात. जवसाचं तेल फोडणीला वापरू नका. ते उष्णतेनं लवकर खवट होतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर कोणतीही कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या. बोरेजच्या तेलात यकृताला घातक द्रव्यं राहू शकतात. ती काढल्याचं बाटलीवर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. एरंडेल तर जुलाबाचं औषध. रोज पिऊ नये.

मला खरी काळजी आहे ती आमवाताची. त्यात सांध्यांची हानी सुरुवातीच्या काळातच होऊ लागते आणि एकदा झालेली हानी कोणतंही तेल भरून काढत नाही. सहा आठवडे सूज टिकली, सकाळचा ताठरपणा जात नसेल, तर बाटली संपण्याची वाट पाहू नका. संधिवाततज्ज्ञांना भेटा, रक्ततपासणी करून घ्या. आणि त्यांनी दिलेली औषधं कॅप्सूलच्या भरवशावर बंद करू नका.