घर, मैत्री आणि राजकारण : मधू दंडवते यांचे स्मरण

(कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

नेत्याचे स्मरण करावयाचे म्हणजे त्याची पदे, निवडणुका आणि गाजलेली भाषणे यांची उजळणी करावयाची, अशी रीत आपल्याकडे पडून गेली आहे. मधू दंडवते यांच्या बाबतीत ही उजळणी लहान होणार नाही. २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे जन्म. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात सहभाग. १९७१ पासून १९९१ पर्यंत राजापूर मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधित्व. १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री, १९८९-९० मध्ये अर्थमंत्री, पुढे योजना आयोगाचे उपाध्यक्ष. आणि १२ नोव्हेंबर २००५ रोजी निधन. परंतु ज्यांना चळवळीत आयुष्य घालवावयाचे आहे त्यांनी या यादीपलीकडचे दोन प्रश्न विचारावयास हवेत. हा माणूस आपल्या घराशी कसा वागला? आणि वाटा वेगळ्या झाल्यावर जुन्या सोबत्यांशी कसा वागला?

घरादारावर तुळशीपत्र ठेवणारा कार्यकर्ता हा आपल्या परंपरेत आदर्श मानला गेला. त्या त्यागाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण अर्थशास्त्रातील एक साधा नियम येथेही लागू पडतो : खर्च नाहीसा होत नाही, तो फार तर दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. कार्यकर्ता महिनोन्‌महिने दौऱ्यावर असतो, तेव्हा रेशनच्या रांगेत कोणी तरी उभे असते, मुलांची फी कोणी तरी भरत असते, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी कोणी तरी पाहत असते. हे 'कोणी तरी' बहुधा घरातील स्त्री असते. तिच्या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात होत नाही, हे आपण व्याख्यानांतून सांगतो. पक्षाच्या इतिहासातही ती क्वचितच होते, हे मात्र सांगावयाचे विसरतो.

दंडवते दांपत्याचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मधू दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. पक्षकार्य अंगावर असतानाही १९७१ पर्यंत त्यांनी अध्यापन सोडले नाही. आणि प्रमिलाताई? त्या केवळ 'नेत्याची पत्नी' म्हणून कधीच ओळखल्या गेल्या नाहीत. राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत त्या घडल्या. मुंबई महानगरपालिकेत नगरसेविका झाल्या. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासमवेत महागाईविरोधी आंदोलनात उतरल्या. ज्या लाटण्याने घरोघरच्या बाया पोळ्या लाटत होत्या तेच लाटणे हाती घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले. १९८० साली जनता पक्षाची सर्वत्र पीछेहाट होत असताना प्रमिलाताई मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, आणि हुंडाबंदीचा कायदा कडक व्हावा म्हणून त्यांनी तेथे आवाज उठविला. एका घरातील दोन माणसांनी एकाच वेळी सार्वजनिक जीवनात पूर्ण वाढीने उभे राहावे, हे आपोआप घडत नाही. त्यासाठी पुरुषाला आपली जागा थोडी आखडून घ्यावी लागते. समतेवर भाषण करणे सोपे असते. रोजच्या दिनक्रमात ती बसविणे कठीण असते.

या संसाराची खरी कसोटी आणीबाणीत लागली. २६ जून १९७५ रोजी दंडवते संसदीय कामासाठी बंगलोरला होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबर त्यांना तेथेच अटक झाली. लवकरच प्रमिलाताईही पकडल्या गेल्या आणि त्यांना येरवड्याच्या कारागृहात ठेवण्यात आले. पती एका राज्यातील तुरुंगात, पत्नी दुसऱ्या राज्यातील तुरुंगात आणि मुलगा बाहेर, अशी कुटुंबाची तीन ठिकाणी फाटाफूट झाली. सुटका केव्हा होईल हे सांगण्यास कोणी तयार नव्हते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीच्या काळात स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती खन्ना यांचा एकट्याचा विरोध तेवढा नोंदला गेला. अशा काळात या पतिपत्नींनी एकमेकांना सातत्याने पत्रे लिहिली. सेन्सॉरची नजर असतानाही त्या पत्रांतून केवळ राजकारण नव्हे, तर परस्परांविषयीची ओढही व्यक्त होत राहिली. ज्या सत्तेला माणूस एकाकी पाडून मोडावयाचा असतो, तिच्यापुढे हा स्नेह हीदेखील एक प्रतिकाराची जागा असते. घर म्हणजे कार्यकर्त्याच्या पायातील बेडी, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या अठरा महिन्यांत घराने दंडवत्यांना अडविले नाही, तर उभे ठेवले.

आता मैत्रीविषयी. चळवळ हीच त्या पिढीची शाळा होती आणि एका बाकावरचे सोबती असावेत तसे हे लोक एकमेकांना जन्मभर धरून राहिले, भांडलेही तितकेच. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै अकाली गेले आणि त्यांच्या राजापूरमधून दंडवते उभे राहिले. मित्राचा मतदारसंघ त्यांनी वारसाहक्काचे वतन मानला नाही, ठेव मानली. कोकणाला रेल्वे मिळावी, हा त्या ठेवीचाच एक भाग होता.

जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी असलेले नाते याहून अवघड होते. १९७४ चा रेल्वे संप जॉर्जनी लढविला. तो चिरडला गेला आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ मध्ये रेल्वे खाते दंडवत्यांकडे आले, तेव्हा बडतर्फ संपकऱ्यांना त्यांनी परत कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी आली आणि मुंबई-हावडा मार्गावर एकाच वर्गाची गीतांजली एक्स्प्रेस धावू लागली, तीही याच काळात. त्यानंतर जुलै १९७९ मध्ये जनता पक्ष फुटला. जॉर्ज चरणसिंगांबरोबर गेले, दंडवते मूळ पक्षात राहिले. त्या फुटीच्या जखमा खोल होत्या. तरीही दहा वर्षांनी विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळात एक रेल्वेमंत्री व दुसरा अर्थमंत्री म्हणून हे दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी तो मार्ग पूर्ण खुला झाला. जुना राग दोघांनी उराशी कवटाळून ठेवला असता, तर कोकणच्या माणसाला आणखी किती वाट पाहावी लागली असती? पुढे जॉर्ज भारतीय जनता पक्षाच्या आघाडीत गेले. दंडवते त्या वाटेने गेले नाहीत. मैत्रीसाठी त्यांनी मत सोडले नाही.

स्मरण म्हणजे आरती नव्हे. १९९० च्या अर्थसंकल्पातील दहा हजार रुपयांपर्यंतच्या ग्रामीण कर्जमाफीवर टीका झाली, आणि सहकारी पतव्यवस्थेच्या शिस्तीविषयीचा त्यातील मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. समाजवाद्यांच्या वारंवार होणाऱ्या फाटाफुटी थांबविण्यात त्यांनाही यश आले नाही. पण व्यक्ती आणि मतभेद यांची गल्लत त्यांनी केली नाही, हे विरोधकही मान्य करतील.

मित्रहो, यातून आपण काय घ्यावयाचे? पूर्णवेळ कार्यकर्त्याचे मानधन ठरविताना त्याच्या घरी किती तोंडे आहेत, हे विचारण्यास संकोच कशाला? तुरुंगात गेलेल्या वा आजारी पडलेल्या कार्यकर्त्याच्या कुटुंबासाठी ऐनवेळी झोळी फिरविण्यापेक्षा कायमचा निधी का नसावा? रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकांत स्त्रिया येत नाहीत, अशी तक्रार करण्यापूर्वी बैठकीची वेळ बदलून पाहावयास काय हरकत आहे? आणि ठरावावर विरोधी मत दिले म्हणून ज्याच्याशी बोलणे टाकले, त्या जुन्या सोबत्याच्या दारी जाण्यास कोणत्या कार्यकारिणीची परवानगी लागते?

प्रमिलाताई २००१ च्या अखेरीस गेल्या. दंडवते त्यांच्यामागे चार वर्षे राहिले. दोघांची जन्मवर्षे, मृत्युवर्षे ग्रंथांत राहतील. समतेचा व्यवहार घराच्या उंबरठ्याच्या आतही करता येतो, याचा त्यांनी घालून दिलेला धडा मात्र ग्रंथांत ठेवून भागणार नाही. तो प्रत्येकाने आपापल्या घरी गिरविला पाहिजे.